तीन राजे हातात असताना

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथे मी इन्स्पेक्शनला होतो. मायक्रोमीटर घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांनी केलेल्या पार्टमधली खोट काढायची. घरीही माझं तेच चालतं, असं बायको म्हणते. ज्याच्याबद्दल सांगतोय, तो माझ्या टेबलासमोरच्या लेथवर होता. दिंडोरीकडचा, माझ्याच वयाचा, अंगाने दांडगा आणि सदा हसरा. त्याचे पार्ट मी सगळ्यांत जास्त रिजेक्ट केले आणि मैत्रीही त्याच्याशीच सगळ्यांत घट्ट झाली. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट.

जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. डबे दहा मिनिटांत उरकून आम्ही चौघे सायकल स्टँडमागे पुठ्ठा अंथरायचो आणि तीन पत्ती खेळायचो. पैशांवर खेळायचं नाही असं ठरलेलं होतं, म्हणून भंगारातले वॉशर लावायचो. आठवड्याअखेर ज्याच्याकडे वॉशर सगळ्यांत कमी, त्याने शनिवारी बाकीच्यांना मिसळ खाऊ घालायची.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला तीन पत्ते. ते उचलून बघा, नाहीतर न बघताच, बंद खेळा. बघणाऱ्याने दर वेळी दुप्पट भरायचं. आणि आमच्यात एक नियम फार कडक होता. समोरचा बंद खेळतोय तोवर बघणाऱ्याला पत्ते उघडायला सांगता येत नाही. एक तर भरत राहायचं, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे.

तो कायम बंद खेळायचा. उरलेले दोघे त्याच्यापुढे वैतागून जायचे. त्याला थाप मारून उपयोग नसे, कारण थापेला घाबरायला माणसाने आधी आपले पत्ते तरी बघायला हवेत. मी मात्र त्याचं औषध शोधून काढलं होतं. अशा माणसाशी हुशारी करायची नाही. फालतू पत्ते आले की लगेच टाकायचे, आणि चांगले आले की चेहरा मख्ख ठेवून निमूट भरत राहायचं. तो अंगावर येतोच, आणि वॉशरांचा ढीग झाला की कधीतरी कंटाळून पत्ते उचलतोच. मग उघड म्हणायचं. या धोरणावर मी त्याच्या खर्चाने किती मिसळ खाल्ली याची गणती नाही. तोंडावरची माशी हलू द्यायची नाही, याचा मला गर्व होता.

मग एका शनिवारी तो मिसळीची प्लेट पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. पाव दह्यात बुडवून, बारीक तुकडे करून खाल्ला. तिखट सोसत नाही म्हणाला. तंबाखू मात्र चालूच होती. त्याच्या डब्यात पोळीऐवजी ताकभात यायला लागला. काही दिवसांनी त्याची बायको मला भाजीबाजारात भेटली आणि पिशवी खाली ठेवून बोलायला लागली. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, मधोमध जखम आहे, तीन महिने झाले तरी भरत नाही, डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातात.

"भाऊजी, तुमचं ऐकतील ते. तुम्ही सांगा ना एकदा."

सांगतो म्हणालो. पण मला सांगता येईना. पार्टवर लाल खडूने फुली मारणं वेगळं आणि मित्राला, तुझ्या तोंडात काय झालंय ते मला दिसतंय आणि मला भीती वाटते, असं म्हणणं वेगळं. रोज ठरवायचो आणि रोज डबा आवरून पत्ते पिसायला घ्यायचो. शेवटी मला वाटलं की जे तोंडाने जमत नाही ते पत्त्यांवर करून घ्यावं. आपल्याला आपल्या अकलेचं किती कौतुक असतं.

त्या दिवशी बाकीचे दोघे सेकंड शिफ्टला होते. मी त्याला म्हटलं, आज एकच डाव, वीस-वीस वॉशर. मी जिंकलो तर सोमवारी तू माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं. तू जिंकलास तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. वहिनी माझ्याशी बोलल्या आहेत हे त्याला कळलंच असणार. तो हसला आणि पत्ते वाट म्हणाला.

मी वाटले आणि माझे उचलले. तीन राजे. याच्या वरचढ फक्त तीन एक्के. माझा चेहरा आपोआप मख्ख झाला. त्याने न बघता एक वॉशर टाकला, मी दोन टाकले. त्याने एक, मी दोन.

सातव्या-आठव्या फेरीला माझ्या लक्षात आलं, जे कोणाच्याही पहिल्या फेरीत लक्षात आलं असतं. माझे वॉशर दुपटीने संपत होते. रोज भरत राहायला ढिगाने वॉशर असायचे, आज वीसच होते. त्याने पत्ते बघेपर्यंत मला उघड म्हणता येत नव्हतं. मीही बंद खेळलो असतो तर बरोबरीत राहिलो असतो, पण पत्ते आले की उचलून बघायचे, ही माझी खोड.

माझ्यापुढे दोन वॉशर उरले तेव्हा त्याची पाळी होती. त्याने पत्त्यांवर हात ठेवला. नखाने एक कोपरा जरासा उचलला, पण नजर माझ्यावर होती.

"बघू का मी?"

तो हसत नव्हता. इतक्या वर्षांत त्याने खेळताना मला काहीही विचारलेलं नव्हतं. त्याने बघितले असते तर मी त्याच क्षणी उघड म्हटलं असतं, आणि सोमवारी आम्ही दवाखान्यात असतो. मला फक्त हो म्हणायचं होतं. आज मला वाटतं, त्यालाही तेच ऐकायचं होतं. पण चांगले पत्ते हातात असताना समोरच्याला काही कळू द्यायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं.

"तुझे पत्ते, तू ठरव," मी म्हणालो.

त्याने हात काढला आणि वॉशर टाकला. मी शेवटचे दोन टाकले. त्याने आणखी एक टाकला. माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मी पत्ते पालथे टाकले, त्याने आपले न बघताच त्यांत मिसळले, आणि भोंगा झाला.

विषय पुन्हा काढणार नाही असा शब्द दिला होता, तो मी पाळला. दिल्या शब्दाचा माणूस अशी माझी कंपनीत ख्याती होती. तिला चूड लावावी असं वाटतं. वहिनींना मी सांगितलं की खूप समजावलं, तो ऐकतच नाही.

सहा महिन्यांनी त्याचं तोंड एका बोटाहून जास्त उघडेना, तेव्हा त्याला नेलं. जबड्याचा एक भाग काढला, रेडिएशनचे शेक दिले. बोलता येत नव्हतं, म्हणून पोरीच्या पाटीवर लिहायचा. एका रविवारी वहिनी चहा करायला आत गेल्यावर त्याने पाटी माझ्याकडे वळवली. त्या दिवशी तुझे पत्ते काय होते, असं लिहिलं होतं.

मी म्हणालो, "फालतू होते. थाप मारत होतो."

त्याने पाटी पुसली आणि लिहिलं, मग बरं झालं. डोळ्यांनी हसला. त्या वेळी मी चांगलं केलं की स्वतःला वाचवलं, हे मला अजून कळलेलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

त्यानंतर मी कोणाबरोबर खेळलो नाही. पण घरी कोणी नसलं की पत्त्यांचा जोड काढतो. तीन राजे माझ्याकडे ठेवतो, समोर तीन पत्ते पालथे वाटतो आणि उलटून बघतो. दुरी, सत्ती, गुलाम. चौकट, चौकट, किलवर. हजार वेळा वाटले असतील, एकदाही तीन एक्के निघाले नाहीत. ते निघावेत म्हणून मी वाटत बसतो, म्हणजे मी हरलोच असतो असं मला स्वतःला सांगता येईल.

दोन हजार सालानंतर बऱ्याच वर्षांनी वहिनी मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. मुलगी बरोबर होती, बापासारखीच दांडगी. बोलता बोलता तिच्याकडे वळून वहिनी म्हणाल्या, "काकांच्या पाया पड. तुझ्या बाबांना दवाखान्यात चला म्हणून यांनी किती वेळा सांगितलं, हे एकटेच सांगायचे."

एकदाही नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.