नर्सबाईंनी ओढलेला पडदा

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. आज नववीतल्या नातीला लस टोचण्याआधी नर्सबाईंनी पडदा ओढला, आणि मला बाहेर बसवेना.

मी शाळेत शिक्षक होतो. रुबेलाची लस आली तेव्हा दहावीच्या मुलींना मी व्हरांड्यात, सगळ्यांदेखत रांगेत उभं केलं. धीट मुली पुढे ठेवल्या, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल. सुनंदा मात्र मागे मागे सरकत राहिली. मी म्हणालो, "या बाईसाहेबांना पाळण्यात घालून आणा गं कुणीतरी." सगळ्या हसल्या. सुनंदा लस न घेताच घरी पळाली, आणि मी पुन्हा विचारलंही नाही.

त्या वयात सुईपेक्षा मैत्रिणींच्या नजरा जास्त टोचतात. एक पडदा पुरला असता.

पुढे ती आठवडी बाजारात भाजी विकताना भेटली, कडेवर बाळ घेऊन. मी बाळाला हाक मारली.

"हात हलवा, सर. त्याला ऐकू येत नाही. पोटात होता तेव्हा मला रुबेला झाला होता."

मी हात हलवला. बाळ हसलं. "सुनंदा, चूक माझी होती," हे ओठांशी आलं, आणि मी विचारलं, "मेथी कशी दिली गं?"