कोरड्या कालव्यातली हाक

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला वर्गात शिकवत होते. फळ्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं... गावी पोचले, तर अंगणात माणसं हलक्या आवाजात बोलत होती आणि ओसरीतल्या खिळ्याला कालव्याच्या गेटचा दांडा नेहमीसारखा लटकत होता.

वाटूरच्या पुढे, आमच्या गावाजवळ, कालव्याचं जुनं लोखंडी गेट आहे. दांडा अडकवून हातानं फिरवलं की पाणी खालच्या शेतांकडे सुटतं. दादा, माझा थोरला भाऊ, तिथला चौकीदार. पाणी बंद असलं की कोरडा कालवा गावाचाच. कुणी त्यात मिरची वाळवी, कुणी शेळ्या चारी. म्हणून गेट उघडण्याआधी दादा भरावावरून सायकल नेत एकेकाला नावानं हाक मारी, "निघा भायेर! पाणी सोडून राह्यलोऽऽ! सखूआजी, मिरची उचल!" वहिनी घरातून म्हणे, "आवाज कोंबड्याचा अन् रुबाब तहसीलदाराचा!" सखूआजी वारल्या, तरी त्यांचं नाव हाकेतून गेलं नाही. मी एकदा हसले, तर म्हणाला, "तिला कमी ऐकू यायचं. हाक उशिरा पोचंल एखाद्या वेळी."

दादाच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला. थोड्याच दिवसांत नवा चौकीदार रामकिसन दारात आला.

"वहिनी, दांडा द्या. खालचा हरभरा करपून राह्यला."

"आधी हाक मारशील?"

"मोबाईलवर टाकलं ना. सगळ्याला बराबर कळलं."

"शेळ्याइकडं मोबाईल हाय का?"

तो ओशाळला. "मला न्हाई जमत तसं वरडायला."

वहिनीनं दांडा काढला, डोक्यावर पदर घेतला आणि चालू लागली. मी आणि रामकिसन तिच्यामागे. ती भरावावर चढली. दादा गेल्यापासून तिचा चढा आवाज कुणी ऐकला नव्हता. मग तिनं हाक दिली. एकेक नाव घेतलं, सखूआजींचंही. वळणापलीकडून एक म्हातारी शेळ्या हाकत, बडबडत वर चढली. कालवा रिकामा झाला. तरी वहिनी दांडा देईना. कोरड्या तळाकडे पाहत, घरात दादाशी बोलायची तशा आवाजात ती म्हणाली, "अन् तुम्ही बी निघा आता... पाणी सोडून राह्यले."

मग तिनं दांडा रामकिसनच्या हाती दिला.

पाणी बंद झाल्यावर त्यानं तो स्वतःकडे न ठेवता आमच्या खिळ्याला आणून लावला. परवा ओसरीला रंग दिला. दांड्यामागे भिंतीवर वंगणाचा काळा डाग पडलेला आहे. तेवढी जागा वहिनीनं रंगवू दिली नाही.