पार्किंगमधला थोरला

माझ्या फ्रेमच्या दुकानात येणारा हा चित्रकार कधी घासाघीस करत नाही. समोरच्याचे शेवटचे शब्द तेवढे शांतपणे परत म्हणतो. त्याच्याशी भांडताच येत नाही, याचाच मला राग येतो.

परवा त्याने बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीवरचं चित्र आणलं. वारज्यातल्या सोसायटीत परतलेल्या धाकट्यासाठी मांडव, आणि अगदी कडेला, पार्किंगमध्ये, पाठमोरा थोरला भाऊ.

"हा कडेचा फ्रेमखाली झाकला जाईल," मी म्हणालो.

"अहो, मग पट्टी चित्राच्या बाहेरून लावा. तोच दिसायला हवा."

माझाही धाकटा भाऊ सगळं उडवून परतलाय. वडिलांनी रविवारी त्याच्यासाठी जेवण ठेवलंय. मी येणार नाही, असं कळवून टाकलंय. त्यामुळे मी तडकलो.

"राबायचं थोरल्याने, आणि जेवणावळ त्या दिवट्याला?"

"दिवट्याला," तो म्हणाला.

"मग थोरला आत गेला का?"

"गोष्टीत सांगितलेलं नाही. बाप मात्र त्याला बोलवायला बाहेर आला."

"चित्रात कुठाय बाप?"

थोरल्याच्या पायाशी एक लांब सावली पडली होती. त्याने तिच्यावर बोट ठेवलं.

"रविवारी न्यायला येऊ?" जाताना त्याने विचारलं.

"सोमवारी या," मी म्हणालो. "या रविवारी दुकान बंद ठेवतोय."