अडलं तिथं टिकली

"मला कळलं नाही" हे मान वर करून म्हणायला मला अक्कांनी शिकवलं. त्या स्वतः ते कुणालाही म्हणत. डॉक्टरांना, रिक्षावाल्याला, एकदा तर भाचीच्या लग्नात भर मांडवात गुरुजींना. "थांबा की गुरुजी, हे आत्ता काय केलं? कळलं न्हाय." गुरुजी घामाघूम, नवरानवरी ताटकळलेली, आणि अक्का उत्तराची वाट बघत शांत उभ्या.

अक्का सोलापूरच्या विणकर घरातल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि आयुष्यभर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी डेटाबेसचे मराठी धडे लिहायला घेतले. नेटवर टाकायचे, कुणीही उतरवून घ्यायचे, बदलायचे, वाटायचे. विचारायचीसुद्धा गरज नाही. मी तेव्हा सोलापुरातच नवी पेठेत एका दुकानात लग्नपत्रिका टाइप करायचे. माहेर तिकडं वणीजवळ, शाळा नववीत सुटलेली, लग्न होऊन इतक्या लांब आलेली. अक्का हाताने लिहिलेले कागद घेऊन आल्या. माझं टायपिंग बघून म्हणाल्या, "शिक्षण किती ग?"

"नववी," मी पुटपुटले. वाटलं, गेलं काम.

"झकास! असंच माणूस हुडकत होते मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदांसोबत टिकल्यांचं एक पाकीट दिलं. "टाइप करता करता जिथं अडेल तिथं टिकली लाव. तुला कळलं म्हणजे कुणालाबी कळंल." मी पहिला धडा एकही टिकली न लावता परत दिला. अक्कांनी पानं उलटसुलट केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एवढं चांगलं मी लिहीत न्हाय, पोरी."

"समजून राहिलं ना, अक्का," मी आमच्या वणीकडच्या बोलीत म्हणाले.

"तुमच्या वणीत सगळं 'राहिलं'च असतंय. कुटं राहिलं ते दाखव!"

मग एकेक टिकली पडू लागली. 'ट्रान्झॅक्शन' या शब्दावर तर तीन. अक्कांनी सगळं पान फाडलं. बँकेचं उदाहरण सगळ्या जगाने वापरून झिजवलंय म्हणाल्या, आणि मंगल कार्यालयाचं घेतलं. हॉल, आचारी, मांडव, तिन्ही मिळालं तर तारीख पक्की. एक जरी हुकलं तर हाताशी आलेलं बाकीचंही सोडून द्यायचं, जणू काही ठरलंच नव्हतं. "अर्धं लग्न लागत नसतंय," त्या म्हणाल्या. दिवसभर पत्रिका टाइप करणाऱ्या मला हे का कळू नये? टिकली लागली नाही, आणि या वेळी ते खरं होतं.

तरी जुनी खोड जाते कुठं! पुढचा धडा होता दोन कामं एकमेकांत कशी अडकतात याचा. अक्कांनी लिहिलं होतं: एकच हॉल आणि एकच आचारी हवा असलेल्या दोन लग्नघरची माणसं आधी हॉल धरतात, मग आचारी, आणि दोघंही कायमची अडकतात. मला वाटलं, दोघंही आधी हॉलच धरणार असतील तर दुसरा नुसता थांबेल. पहिल्याचं झालं की त्याचं होईल. अडकेल कशाला? बोटावर टिकली घेतलीही होती. पण इतक्या शिकलेल्या बाई चुकतील कशा? नववीवाल्या डोक्यालाच झेपत नसेल. टिकली परत पाकिटात चिकटवली आणि धडा नेटवर गेला.

महिन्याभरात तो कितीतरी कॉलेजांत पोचला. आणि मग लातूरकडच्या एका मास्तरांचा मेल आला: उदाहरण चुकलंय. एकाने आधी हॉल धरून आचाऱ्यासाठी थांबायचं आणि दुसऱ्याने आधी आचारी धरून हॉलसाठी, तरच दोघं अडकतील. अक्का दुकानात येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. "पोरांनी छापून वाटलाय म्हणं. आता सोडलेला धडा गोळा कसा करायचा?"

गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण बोलून गेले, "अक्का, मला तिथं अडलं होतं. टिकली लावली नाही मी." आता ह्या दुसरी टायपिस्ट बघणार, याची खात्रीच होती.

"अय्यो!" त्या ओरडल्या, शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "म्हंजे मला कळलं नव्हतं ते तुला कळलं होतं! आन् गप बसलीस? परत असं केलंस तर कान पिळीन, समजलं?"

"समजलं."

"खरंच का नुसतं राहिलं?"

जुनं पान त्यांनी पुसलं नाही. त्याच्यावरच दुरुस्ती लिहिली, मास्तरांचे आभार मानले आणि खाली एक ओळ घातली: ही चूक सर्वात आधी ओळखली ती आमच्या टायपिस्टने. पुढं माझं नाव, माहेरच्या गावासकट. ते मलाच टाइप करायला लावलं. चार वेळा चुकलं.

गुडघे धरले तसं अक्कांची लेक त्यांना सुरतेला घेऊन गेली. फोनवर जावयाला "कळलं न्हाय" म्हणताना ऐकू येतात, म्हणजे तब्येत ठीक असावी. मी यंदा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय. गणिताची धास्ती आहे, पण क्लासच्या सरांना एका तासाला तीनदा थांबवते.

अक्का, एक धडा मी लिहिणार आहे, अगदी पहिल्या ओळीपासून माझा. कुणीही घ्यावा असा मोकळा. पण पहिला वाचायला तुम्हालाच पाठवीन, आणि तुम्हाला जिथं अडेल ते अख्खं पान मी फाडीन.