कोनात्सुच्या टाळ्या

आमच्या डोंगरातल्या कुरिसावात बातमी पसरली होती, की शाळेची बस चालवणारी किवाको पोरांना अर्ध्या रस्त्यात उतरवते आणि रिकाम्या बसमध्ये मस्त डुलकी काढते. माझ्या केस कापायच्या दुकानात ही बातमी रोज नवी शेपूट लावून यायची. कुणी म्हणे घोरते, कुणी म्हणे घोरताना हॉर्नवर डोकं ठेवते.

त्यातलं उतरवणं खरं, डुलकी खोटी. आमची दोघांची भिंतीला भिंत, म्हणून मी जातीनं बघून आलो. रस्त्याकडेला लाल अंगडं घातलेला दगडी जिझो आहे, पोरांचा राखणदार देव. तिथे ती बस उभी करते आणि पोरांची रांग लावते. सगळ्यात मोठा पुढे, सगळ्यात धाकटी त्याच्या पाठीशी, आणि शेवटी ही सहासष्ट वर्षांची बाई, वाडीभरची आजी, पातेल्याचं झाकण पळीनं बडवत. अस्वलं लांब राहावीत म्हणून. अस्वलांचं ठाऊक नाही, मी तरी लांबच राहिलो. पोरांना शाळेत सोडून ती चालत बसपाशी परत येते, आणि शाळा सुटली की पोरांना तोच चढ चालवत बसपर्यंत आणते. संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळताना तिचं कण्हणं मला भिंतीपलीकडून ऐकू येतं.

तिच्या डोक्यात हे खूळ शिरलं गेल्या वर्षीच्या शाळेच्या क्रीडादिनी. त्याआधीच आमची वाडीतली शाळा बंद पडली, पोरं खालच्या शहरातल्या शाळेत जायला लागली. जायचं बसनं, दारातून दारात. शहरातली पोरं आपापल्या इमारतींतून रांगेनं चालत येतात, संध्याकाळी पोहायला जातात. आमच्या पोरांना खेळायला सवंगडीच नाही, जवळात जवळचं पोर टेकडीपलीकडे. घरी आलं की हातात खेळाचं यंत्र आणि बूड जमिनीला. शहरवाल्यांना मात्र वाटलं, डोंगरातली पोरं म्हणजे माकडं, सुसाट सुटणार!

सुटली कसली? दुसरीतली आमची गोबऱ्या गालांची कोनात्सु शर्यतीत अर्ध्या वाटेत खालीच बसली. मग उठली, धापा टाकत सगळ्यांच्या शेवटी पोचली. शेवटच्याला टाळ्या वाजवायची आपली रीत. अख्ख्या मैदानानं तिला दणदणीत टाळ्या दिल्या. पोरीनं कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला, आणि बसमध्ये चढल्यावर विचारलं, "आजी, सगळ्यात जास्त टाळ्या मला. मग बक्षीस त्या पुढे पळालेल्या पोरीला का दिलं?"

किवाकोनं दाणकन बसचं दार लावलं. घरी बस लावताना माझ्या दोन कुंड्याही फोडल्या. दुसऱ्या दिवसापासून बस जिझोपाशी थांबायला लागली.

आया चिडल्या. वाडीच्या बैठकीत कोनात्सुची आई रेइको उभी राहिली. "आजी, बस दिलीय ती पोरांना दारात न्यायला. तुम्ही त्यांना पावसात चालवता!"

"पुढच्या क्रीडादिनापर्यंत थांब गं," किवाको म्हणाली. "तेव्हाही तुझ्या लेकीला तशाच टाळ्या पडल्या, तर चालणं बंद. बस थेट शाळेच्या फाटकाशी."

"आणि नाही पडल्या तर?"

"तर तूही यायचंस. झाकण बडवून माझा हात दुखतो."

सगळे हसले आणि वर्षभराची मुदत मिळाली. बर्फ पडलं, वितळलं, भाताची लावणी झाली. कोनात्सु आधी रडत चालायची, मग बडबडत, आणि कापणीच्या सुमाराला तर गाणी म्हणत चढ चढायला लागली.

परवा क्रीडादिन झाला. कुरिसावातली झाडून सारी माणसं चटया टाकून बसलेली. भाताचे गोळे हातात तसेच. आपल्या पोरीला टाळ्या पडू नयेत म्हणून देवाला साकडं घालणारं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. किवाकोनं ॲप्रनच्या खिशात मुठी आवळल्या होत्या.

पोरं सुटली. कोनात्सु लालबुंद होऊन पळाली, बसली नाही, आणि शेवटून दुसरी आली. तिच्याकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. तिच्या मागून शहरातला एक चष्मेवाला पोरगा धडपडत येत होता, सगळं मैदान त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

कोनात्सु ओठ काढून आली. "आजी, या वर्षी मला कुणीच वाजवल्या नाहीत."

किवाकोनं तिचा घाम पुसला, नाकही पुसलं, आणि मग आपलेच डोळे पुसले. मला राहवतंय कुठलं? म्हटलं, "काय हो किवाकोबाई, पोरीच्या हक्काच्या टाळ्या घालवल्यात!"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्या चष्मेवाल्याकडे बघत होती.

"टाळ्या पुरे झाल्या. त्याच्या आईला सांगा, सोमवारी त्याला जिझोपाशी आणून सोड."