मागच्या रांगेतला ळ

"तिला 'ळ' द्या आणि मागच्या रांगेत उभी करा. बोलायला नको."

मी पॅन्ट्रीत मुलांच्या बाटल्या भरत होते. कूलरचा नळ बारीक केला की बाहेरचं सगळं ऐकू येतं. बाहेर दोघंच होते, वर्ग चालवणाऱ्या काकू आणि कार्यक्रमाचं बघणारे एक काका.

"पण भाषणाला नाव दिलंय ना तिचं?" काका म्हणाले.

"दिलंय हो. पण लोक हसतील. नंतर तिलाच वाईट वाटेल. शुद्ध करून घेता आलं तर बघू. नाहीतर 'ळ'."

बाटली भरून वाहायला लागली तेव्हा मी नळ बंद केला.

इथे आखातात, माहूज भागातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे. दर शनिवारी सकाळी तिथे मराठीचा वर्ग भरतो आणि वर्षातून एकदा मुलांचा कार्यक्रम होतो. ज्यांना भाषण जमतं ती मुलं पुढे माइकपाशी येतात. ज्यांना जमत नाही ती मागे रांगेत पुठ्ठ्याची अक्षरं छातीशी धरून उभी राहतात. पहिली अक्षरं लवकर वाटली जातात. 'ळ' बहुतेक वेळा शेवटी उरतो.

काकू जिच्याबद्दल बोलत होत्या ती मी शिकवते त्या गटातली आठ वर्षांची मुलगी. तिचे वडील अस्करच्या बाजूला अॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहेत. गाव रत्नागिरीकडचं, घरात कोकणी मुसलमानांची बोली. माझ्या गटात मराठीत विचारल्यावर मराठीत उत्तर देणारी ती एकटीच. बाकीच्यांना सगळं समजतं, पण उत्तर येतं, "आय डोन्ट नो, ताई."

त्यांना रागावण्याचा अधिकार मला नाही. मी इथेच वाढले, इंग्रजी शाळेत शिकले, आणि मुळाक्षरं याच हॉलमध्ये याच काकूंकडून गिरवली. आजही बोलायचं वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत येतं. ते मी मराठीत आणते, मग नीट आहे ना ते तपासते. तेवढ्यात लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. त्यामुळे मला सगळंच पटतं असा सर्वांचा समज आहे. काकू नव्या पालकांशी ओळख करून देताना म्हणतात, "हिचं मराठी छान झालंय हं." त्या 'हं'नंतर मी दिवसभर गप्प असते.

बाटल्या घेऊन बाहेर आले तर काकू हसून म्हणाल्या, "अगं, एक काम कर ना. तुझ्या त्या छोटीचं भाषण जरा नीट करून घे. आणि नाहीच जमलं, तर तिच्या आईला तूच सांग. तू सांगितलंस तर लागणार नाही त्यांना."

"हो," मी म्हणाले. 'हो' म्हणताना काही तपासावं लागत नाही.

काकू वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. पण आईवडील दोघं ड्युटीवर असलेल्या मुलांना त्या स्वतःच्या गाडीतून आणतात, सोडतात. मुलांसाठी घरून लाडू करून आणतात. मला 'ज्ञ' येईना तेव्हा माझा हात हातात धरून त्यांनी तो गिरवून घेतला होता. त्या हाताची पकड मला आठवते.

तालीम सुरू झाली. कार्यक्रम पुढच्याच शनिवारी होता.

आमच्याकडची भाषणं भारतातून येतात. आजी-आजोबा व्हॉइस नोट पाठवतात, मुलं शाळेत येता-जाता गाडीत ती ऐकतात आणि जशीच्या तशी पाठ करतात. पहिला मुलगा माइकपाशी गेला, ताठ उभा राहिला आणि हुबेहूब आजीच्या सुरात सुरू झाला.

"मराठी ही माझी मातृभाषा आहे. मला तिचा अभिमान, थांब हं राजा, कुकर बंद करून येते, मला तिचा अभिमान वाटतो."

कुठे अडखळला नाही. हॉल हसून हसून लोटपोट झाला. तोही हसला, पण कशाला ते त्याला कळलं नव्हतं. काकूंनी डोळे पुसले, त्याला जवळ घेतलं. "गुणाचं गं माझं. पुढच्या शनिवारी तेवढा कुकर घरी ठेवून ये हं."

जागेवर परतताना त्यानं माझी ओढणी ओढली. "ताई, व्हाय आर दे लाफिंग?"

"नंतर सांगते," मी म्हणाले. लोक त्याला हसले होते, पण त्याला 'ळ' द्या असं कोणी म्हणालं नाही.

मी छोटीला घेऊन चपलांच्या रॅकपाशी गेले. तिथे जरा शांत होतं.

"म्हण बघू एकदा."

तिनं लगेच हात कानाला लावला. तिचं भाषण कोणी पाठवलेलं नव्हतं, तिनंच जुळवलं होतं. "माझी दादी व्हिडिओ कॉल करते आनि फोन कानाला लावते. मना नुसता तिचा कान दिसतो. मी बोलते, दादी, कान नको, तोंड दाखव. दादी बोलते, ऐकायला कानच लागतो ना गो." आणि दादीसारखी मान तिरकी करून ती थांबली, मी हसेन म्हणून.

मला हसू आलं होतं. मी ते आवरलं, कारण काकू हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून बघत होत्या.

"आता असं म्हण. माझी आजी व्हिडिओ कॉल करते आणि फोन कानाला लावते. मला फक्त तिचा कान दिसतो."

ती म्हणाली. एकही चूक नव्हती. पण कानाशी असलेला हात खाली आला आणि फ्रॉकला चिकटून राहिला. मी पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी आवाज मघाच्या मुलासारखा निघाला, दुसऱ्याचा, दुरून आलेला. तिसऱ्यांदा ती अर्ध्यातच थांबली.

"ताई, ही कोणाची आजी हाय?"

मी खाली बसून तिच्या फ्रॉकचा सुटलेला पट्टा बांधू लागले.

"दादी बघणार हाय," ती माझ्या डोक्यावरून म्हणाली. "अब्बा फोन धरणार हाय पुढं बसून."

तालीम संपत आली तसे पालक दारात जमू लागले. काका अक्षरांचा गठ्ठा घेऊन मुलांमधून फिरत होते. छोटीची आई अबायाची बाही सावरत आत आली. एरवी ती दारातूनच हाक मारते, आज थेट माझ्याकडे आली.

"टीचर, हिच्या अब्बांना पुढच्या शनिवारची शिफ्ट बदलून मिलाली. किती दिवस सुपरवायझरच्या मागं होते. तो नुसता इंशाल्ला, इंशाल्ला करायचा. काल बोलला, खलास, जा." ती हसली. "गावाला दादीनं शेजारणींना पन सांगून ठेवलंय, माझ्या घरी येवा, नात बोलणार हाय."

मी मान हलवली. बहुधा चुकीच्या वेळी हलवली, कारण तिचं हसू कमी झालं.

"काय झालं टीचर? विसरते काय ही?"

"नाही, विसरत नाही."

तेवढ्यात छोटी आमच्यापाशी आली. काकांनी तिच्या हातात पुठ्ठा दिला होता. तिनं तो पोटाशी धरला होता, उलटा.

आईनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. तिथे पुठ्ठे घेतलेली मुलं उंचीप्रमाणे उभी राहत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ही बोलायची हाय ना?" तिनं हळू विचारलं.

काकू हॉलच्या किल्ल्या घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या केसांच्या तेलाचा वास ओळखीचा आहे. "सांगितलंस ना गं त्यांना?" त्या गोड आवाजात म्हणाल्या.

माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत सुरू झालं. त्यात एक 'अॅक्चुअली' होतं, एक 'वी फेल्ट' होतं. 'वी' म्हणजे कोण, ते मराठीत आणताना सांगावं लागलं असतं. मी तिथेच अडकले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. व्हिसाच्या खिडकीपाशी आतला माणूस कागद चाळत असताना लोक बघतात तशी. आणि मग, मी काही बोलायच्या आतच, ती मागे सरली.

"नाय जमत असेल तर राहू द्या, टीचर. उभी राहील मागं. तिच्या अब्बांना मी सांगते काहीतरी. ड्युटीला जातील ते."

"बघा, समजूतदार आहेत," काकू म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोच हात.

छोटी माझ्याकडे बघत नव्हती. ती पुठ्ठा सुलटा करत होती. कसा धरायचा ते पाहायला तिनं शेजारच्या मुलाच्या अक्षराकडे मान वळवली आणि आपला छातीपर्यंत उचलला, अगदी सांगितल्यासारखा.

मी वाकून तो तिच्या हातातून काढून घेतला. काकूंचा हात माझ्या खांद्यावरून सुटला. वाक्य अजून पुरतं जुळलं नव्हतं, आणि आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला, कारण मागच्या रांगेतली मुलंही वळली.

"काकू, हा 'ळ' मी धरते. मागे मी उभी राहीन. ही पुढे बोलेल, आणि दादीशी बोलते तसंच बोलेल."