कढयांवरची पाटी

वंदना गेली त्याला पाच आठवडे झाले. यवतमाळच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पुसदच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एका बाईंना लोखंडी कढई दाखवत होतो. फोन ठेवला आणि त्यांना म्हणालो, "थोडी जड आहे, पण टिकते." धाकटी बहीण गेली होती आणि मी कढईची खात्री देत होतो... मग कुठे भान आलं आणि दुकानाचं शटर ओढलं.

वंदनाला थॅलेसेमिया होता. अंगात पुरेसं रक्त तयार व्हायचं नाही, म्हणून तान्ही होती तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी बाहेरचं रक्त चढवावं लागे. दहा-बारा वर्षं धरून चाला, असं बाबांना सांगण्यात आलं होतं. तिच्या दहाव्या वाढदिवसाला घरात कोणाला घास गिळवेना. तिने मात्र माझ्या वाटचाही शिरा संपवला. पुढे बी.एड. झाली, शाळेत गणित शिकवू लागली, छत्तीस वर्षं पुरी केली. हा आकडा मी हल्ली कोणी न विचारता सांगतो.

चढवलेल्या रक्तातलं लोह शरीर बाहेर टाकत नाही, ते काळजात, यकृतात साठत जातं. हे घरात सगळ्यांना कळलं होतं, मला सोडून. ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई टोचून एक लहानसा पंप दहा-दहा तास लावावा लागे. अकराव्या वर्षापासून ती सुई ती स्वतः टोचायची. एकदा मी धीर द्यायला शेजारी बसलो, तर मलाच पाणी पाजावं लागलं.

तिला नोकरी लागली त्या वर्षी ती फार फिकी दिसायची. मी शहाणा मोठा भाऊ. दुकानातली सगळ्यात भारी लोखंडी कढई घरी नेली, रोजची भाजी त्यातच करायला आईला बजावलं, वर अळिवाचे लाडू करवून घेतले. चार महिन्यांनी तपासणी झाली तर लोह उतरायच्या ऐवजी चढलेलं. काय खाता, असं डॉक्टरांनी विचारल्यावर सगळं बाहेर आलं. शाळेच्या धावपळीत पंप चुकत होता, मुख्य कारण ते. कढईचा वाटा थोडा, असं ते म्हणाले. तो थोडा वाटा वंदनाने मला जन्मभर विसरू दिला नाही.

त्या दिवशी मात्र ती रागावली नाही. कढईकडे बघत शांतपणे म्हणाली, "दादा, माह्या अंगात लोखंड कमी नाही. ठेवाले जागा नाही राह्यली."

गोदाम भरलं म्हणजे काय, हे दुकानदाराला कळतं. मला त्या क्षणी कळलं.

पुढच्या रविवारी ती दुकानात आली आणि कढयांच्या वर पुठ्ठ्याची पाटी टांगली: 'घरात कोणाला वरचेवर रक्त चढवावं लागत असेल, तर ही कढई घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.' मी कुरकुरलो, "वंदे, दुकान माह्यं आहे." ती म्हणाली, "अन् बहीण कोणाची?"

नंतर दर रविवारी गल्ल्याशेजारी बसून ती गिऱ्हाइकांना तोंडीही विचारायची. काही जण चिडून निघून जात. मग एकदा ढाणकीच्या एक बाई पाटी वाचून थबकल्या. त्यांच्या मुलीलाही रक्त लागायचं, आणि सगळं गाव तिला गूळ-पालक खा म्हणून सांगत होतं. वंदनाने त्यांना पंपाची सुई टोचायला शिकवली. ती मुलगी आता कॉलेजात जाते. वंदनाला शेवटचं न्यायला आम्ही निघालो तेव्हा त्या मायलेकी दारात उभ्या होत्या...

शेवटच्या वर्षी वंदनाचं हृदय थकलं. ती खुर्चीवर बसून शिकवायची, पण वर्ग सोडला नाही.

परवा, फोन आला तेव्हा दुकानात होत्या त्या बाई पुन्हा आल्या. कढई न्यायची राहिली होती. कागदात गुंडाळता गुंडाळता मी विचारलं, घरात कोणाला रक्त चढवावं लागतं का?

"नाही जी," त्या म्हणाल्या. "पण ते तं वर लिहिलंच आहे नं."

मी वर पाहिलं. शाई उडाली आहे, पण अक्षर अजून गणिताच्या बाईंचंच दिसतं, सरळ आणि ठाम. म्हटलं, "हो, पण आमच्याकडे तोंडी विचारायची पद्धत आहे."